हिशेब देणारे छोटे मंत्री



जून-जुलैत शाळा सुरू झाली की आपल्या गावच्या प्राथमिक शाळेत एक निवडणूक होते. शालेय मंत्रिमंडळाची. पोरं चिठ्ठ्या टाकतात, मोजणी होते, टाळ्या वाजतात. कुणी मुख्यमंत्री होतं, कुणी आरोग्यमंत्री, कुणी स्वच्छता मंत्री, कुणी पोषण आहार मंत्री. पोरगी पळत घरी येते आणि सांगते, "आई, मी मंत्री झाले!" आपण कौतुकानं हसतो आणि कामाला लागतो. पण दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्या मंत्र्यानं काय केलं, हे कुणी विचारतं का? बहुतेक ठिकाणी नाही.

आज मी तुम्हाला ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीच्या एका शाळेची गोष्ट सांगणार आहे. त्या शाळेतही मुलांचे मंत्री होते. पण तिथं मंत्र्याला काम करावं लागे आणि केलेल्या कामाचा हिशेब सगळ्यांसमोर द्यावा लागे. ही शाळा परदेशातली नाही. आपल्याच वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामची आहे.

गोष्टीची सुरुवात होते दारूपासून. दचकू नका, खरंच सांगते. १९३७ साली इंग्रजांच्या राज्यातच बऱ्याच प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. गांधीजींचा आग्रह होता की आता दारूबंदी करा. पण सरकारी तिजोरीत दारूवरच्या कराचा पैसा मोठा होता आणि त्याच तिजोरीतून शाळा चालत. दारू बंद केली तर शाळांना पैसा कुठून, असा पेच पडला. म्हणजे बापानं दारू प्यायची आणि त्यातल्या करावर लेकरानं शिकायचं! गांधीजींना हे मान्य नव्हतं. त्यांनी 'हरिजन' पत्रात लिहिलं की मुलांना हातानं काहीतरी उपयोगी काम करत शिकू द्या. त्या कामातून शाळेचा खर्चही निघेल आणि शिक्षणही पक्कं होईल. नुसती अक्षरओळख म्हणजे शिक्षण नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं.

यावर बोलायला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. प्रांतांचे शिक्षणमंत्री आणि शिक्षणातली जाणती माणसं जमली. तिथं सगळ्यांनी माना डोलावल्या असं समजू नका. प्राध्यापक के. टी. शहा यांनी हरकत घेतली. मुलांनी केलेला माल बाजारात आला तर गावच्या कारागिराचं काय होईल, असा त्यांचा प्रश्न होता. दिल्लीच्या जामिया मिलिया संस्थेचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढं आपले राष्ट्रपती झाले, त्यांनाही एक धोका दिसत होता. माल किती निघाला एवढंच पाहिलं तर मास्तर गरिबाच्या पोरांना राबवून घेतील, हा तो धोका. ही शंका अगदी रास्त होती. ज्या घरात पोरं आधीच शेतात आणि ढोरांमागं राबतात, त्या घरच्या आईच्या मनातही हेच येणार ना?

झाकिर हुसेन यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिनं सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण सुचवलं, सात ते चौदा वयाच्या मुलामुलींसाठी, मातृभाषेतून. दिवसाची शाळा साडेपाच तासांची. त्यात तीन तास वीस मिनिटं हातकामाला, म्हणजे सूतकताई, विणकाम, शेती किंवा सुतारकाम. बाकीच्या वेळात भाषा, गणित, गाणं, चित्र, समाजाची माहिती आणि विज्ञान. आणि हे वेगवेगळं नाही, कामाला जोडून शिकायचं. सूत काततानाच मोजमाप शिकायचं, कापसावरून माती आणि हवामान समजून घ्यायचं.

मुलींबद्दल समितीनं काय म्हटलं, हेही ऐका. पाचवीपर्यंत मुलगा-मुलगी दोघांना एकच शिक्षण. सहावी-सातवीत मात्र मुलींना हवं तर हातकामाऐवजी गृहशास्त्र घेता येईल, अशी सवलत ठेवली. म्हणजे एवढ्या नव्या योजनेतही चूल शेवटी मुलीकडंच वळली. मुलांना गृहशास्त्र घेता येईल, असं काही सुचवलं नाही. इतिहास ऐकताना अशा जागा आपण बायकांनी हेरून ठेवाव्यात.

पण कागदावर एक असतं आणि प्रत्यक्षात वेगळं घडतं. कधी कधी ते चांगलंही घडतं. वर्ध्याजवळ शेगाव नावाचं छोटं गाव होतं. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला आले आणि पुढं त्याचं नाव सेवाग्राम झालं. इथं हिंदुस्तानी तालीमी संघानं नव्या पद्धतीची शाळा चालवली. तिला कुणी 'नई तालीम' म्हणत, कुणी 'बुनियादी शाळा'. ती उभी केली एका जोडप्यानं. आशादेवी या बंगाली घरातल्या, आणि त्यांचे पती आर्यनायकम हे श्रीलंकेतल्या जाफन्याकडचे. झाकिर हुसेन समितीत हे दोघंही होते. त्याआधी दोघांनी रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात काम केलं होतं.

शांतिनिकेतनाचा इथं संबंध काय, तेही सांगते. तिथं मुलांचा कारभार मुलांनी पाहायचा, ही रीत जुनी होती. १९१५ साली गांधीजी तिथं गेले, तेव्हा त्यांनी मुलांना आणि मास्तरांना विचारलं, तुमचं जेवण नोकर का करतात? तुमचं तुम्ही का करत नाही? मग १० मार्चपासून सगळ्यांनी स्वयंपाक, भांडी, झाडलोट स्वतः करायला घेतली. तो प्रयोग थोडेच दिवस टिकला. पण १० मार्चला नोकरांना सुट्टी देऊन सगळी कामं आपण करायची, ही प्रथा तिथं पडली. वर्षातून एक दिवस जे शांतिनिकेतनात होई, ते सेवाग्रामात रोजचं झालं.

सेवाग्रामच्या शाळेत सगळ्या मुलांची मिळून आमसभा असे. आपल्या ग्रामसभेसारखीच समजा. ही सभा आपल्यातूनच मंत्री निवडी. सफाईचा मंत्री, स्वयंपाकाचा मंत्री, आरोग्याचा मंत्री, अशी कामं वाटलेली असत. मुदत संपली की मंत्री सभेत उभा राहून सांगे की काय ठरलं होतं, काय झालं, काय राहिलं. मुलं प्रश्न विचारत. मग दुसऱ्याची निवड होई. कामं फिरती असल्यामुळं एकच हुशार पोरगं वर्षानुवर्षं पुढारी, असं होत नसे. इंग्लंडहून भारतात येऊन इथल्याच झालेल्या मार्जरी साइक्स या शिक्षिकेनं पुढं तिथं बरीच वर्षं काम केलं आणि नई तालीमचा इतिहास लिहून ठेवला.

आता या मंत्र्यांचं काम कसं असे ते बघा. स्वयंपाकाचं काम अंगावर आलं की पानावर किती माणसं, डाळ किती लागेल, कोठीत काय शिल्लक आहे, बागेतून कुठली भाजी येईल आणि खर्च किती, हे सगळं मांडावं लागे. यात बेरीज-वजाबाकी आली, आहाराचं शास्त्र आलं आणि माणसं सांभाळणंही आलं. फुशारकी मारायला जागाच नाही. भात कच्चा राहिला तर सगळ्यांना कळणारच!

आणि सफाई. मैत्रिणींनो, इथं खरी कसोटी होती. शेगावात दलित वस्ती मोठी होती आणि शिवाशिव कडक होती. मैला उचलणं हे एका जातीचंच काम, असं लोक धरून चालले होते. त्या काळात या शाळेत कुठल्याही जातीच्या मुलानं, मुलगा असो की मुलगी, झाडू धरायचा, संडास साफ करायचा, मैल्याचं आणि कचऱ्याचं खत करून शेताला घालायचं. दिवसाची सुरुवातच सफाईनं होई. सफाई मंत्री म्हणजे दुसऱ्याला 'झाड' असं सांगणारा नव्हे, आधी स्वतः झाडणारा.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. पुढारी म्हणजे कोण? आपल्या डोळ्यांपुढं येतो तो स्टेजवरचा, हार घातलेला. या शाळेनं मुलांना वेगळी व्याख्या दिली. जो काम अंगावर घेतो, दहाजणांना सोबत घेऊन ते करतो आणि शेवटी हिशेब देऊन बाजूला होतो, तो पुढारी. ही व्याख्या आपल्याला नवी नाही. आपला बचत गट असाच चालतो. वहीत जमा-नावे लिहायचं, बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवायचं, सह्या-अंगठे घ्यायचे आणि ठरल्या मुदतीनं अध्यक्ष-सचिव बदलायचे. ज्या गटात वही उघडली जात नाही आणि एकच बाई दहा वर्षं अध्यक्ष राहते, त्या गटाचं काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मग ही शिक्षणपद्धती टिकली का नाही? स्वातंत्र्यानंतर सरकारनं बुनियादी शिक्षण देशभर न्यायचं ठरवलं. आपल्याकडं 'मूलोद्योग शाळा' निघाल्या. आजही काही जिल्हा परिषद शाळांच्या नावात 'जीवन शिक्षण' हे शब्द दिसतात, ती त्याच काळाची खूण. तुमच्यातल्या वयस्कर बायकांना शाळेतली टकळी आठवत असेल. पण बहुतेक ठिकाणी टकळी तेवढी आली. आमसभा आली नाही, मुलांचा हिशेब आला नाही, ना हातकामाला शिक्षण जोडलं गेलं. एका तासाला सूत काढायचं आणि दुसऱ्या तासाला पाठांतर. मास्तरांना तसं शिकवायची तयारी करून द्यायला हवी होती, तीही पुरेशी झाली नाही.

आईबापांचीही एक तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. शहरात साहेबाचं पोर इंग्रजी शिकतं, मग आमच्याच पोरानं शाळेत जाऊनही माती आणि कापूस का चिवडायचा? पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या माथी कष्टच आले, त्यांना शाळेनं त्यातून सोडवावं असं वाटणारच. श्रमाची शाळा खेड्याला आणि पुस्तकाची शाळा शहराला, अशी वाटणी झाली की श्रमाला मान मिळत नाही. मान मिळायचा तर साहेबाच्या पोरानंही झाडू धरायला हवा. ते झालं नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं मग 'कार्यानुभव' सुचवला आणि बुनियादी शाळा हळूहळू मागं पडल्या. सेवाग्रामात मात्र २००५ साली 'आनंद निकेतन' ही शाळा पुन्हा सुरू झाली आणि तिथं कामातून शिकणं चालू आहे.

म्हणजे नाव राहिलं आणि गाभा गेला. आपल्या शाळेतल्या मंत्रिमंडळाचंही असंच होऊ द्यायचं का, हा आजचा प्रश्न आहे. आणि हे फक्त गुरुजींच्या हातात नाही, आपल्याही हातात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असं कायदा म्हणतो. शाळेचा विकास आराखडा करायचं कामही याच समितीचं. तुमच्यातल्या कितीतरी जणी या समितीवर असतील. नुसत्या सहीपुरत्या असाल तर आता जरा सरसावून बसा.

समितीच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा. एक, मंत्रिमंडळातल्या मुलांना खरं काम दिलं आहे का? पोषण आहार मंत्र्याला आज किती ताटं झाली, खिचडी कशी होती, हे लिहायला वही आहे का? दोन, ही मुलं महिन्यातून एकदा तरी सगळ्या शाळेसमोर काय केलं ते सांगतात का, आणि पहिलीतल्या पोरालाही प्रश्न विचारता येतो का? आणि तीन, झाडू कुणाच्या हातात आहे? वर्ग झाडायला मुली, पाणी भरायला मुली आणि मुख्यमंत्री मात्र मुलगा, असं तर नाही ना? अमक्या वस्तीच्याच पोरांना संडास धुवायला लावत नाहीत ना? असेल तर तिथंच बोला. झाडणं कमीपणाचं नाही, पण ते सगळ्यांच्या वाट्याला यायला हवं. आणि तसं बोलताना आपल्या घरातही डोकावून बघा. जेवण झाल्यावर ताट कोण उचलतं, लेक की लेकी?

दहा वर्षांच्या पोरीनं शाळेसमोर उभं राहून सांगितलं, "पाण्याची टाकी धुवायची ठरली होती, दोनदा धुतली, एकदा राहिली, या महिन्यात राहणार नाही," तर ती पोरगी उद्या ग्रामसभेत सरपंचाला हिशेब विचारायला घाबरणार नाही. आणि स्वतः सरपंच झाली तर हिशेब द्यायलाही घाबरणार नाही.

तर मैत्रिणींनो, आज घरी पोरगं मंत्री असेल तर त्याला जवळ बसवा आणि विचारा, या आठवड्यात काय केलंस? पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.