अंदाज, घोड्यांच्या शर्यतीतील

अडथळ्यांविना, सपाट मैदानावर धावणाऱ्या घोड्यांतला संभाव्य विजेता आधी ताडण्याची विद्या. महाराष्ट्रात अशा शर्यती पावसाळ्यात पुण्याला, तर साधारण नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईच्या महालक्ष्मीला, बहुधा शनिवार-रविवारी होतात. संचालन रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे. सोलापूरच्या शौकिनाला पुणे गाठावे लागते. जिल्ह्यातल्या अकलूजचा घोडेबाजार नामांकित खरा, पण तिथले मारवाडी-काठेवाडी घोडे वेगळे. रेसकोर्सवर धावतात ते थरोब्रेड जातीचे.

अंदाजाची मेख वजनात आहे. हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्यावर जास्त, दुबळ्यावर कमी वजन ठेवतात. जॉकी हलका भरला, तर खोगिराबरोबर शिशाच्या पट्ट्या देऊन किलो पुरे करतात. म्हणजे मागची शर्यत मारलेला घोडा पुढल्या खेपेला बहुधा वाढीव ओझ्यानिशी उतरतो, आणि नवखे नेमके त्याच्यावरच पैसे लावतात. अंतरही पाहावे: १००० मीटरला सुसाट सुटणारा घोडा इंडियन डर्बीच्या २४०० मीटरला दम टाकू शकतो. पुण्यात पावसाने जड झालेली जमीन हिशेब आणखी बिघडवते. जाणकार शर्यतीआधी पॅडॉकच्या, म्हणजे घोडे फिरवून दाखवतात त्या आवाराच्या, कठड्याशी उभे राहतात. मांड्यांमध्ये पांढरा फेस धरलेला, बिथरलेला घोडा ते बाद करतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली लक्ष्मणन खटल्यात घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानले. तरी अंदाज बरोबर येणे वेगळे आणि कमाई वेगळी: सगळ्यांच्या लाडक्या घोड्याचा टोटवरचा, म्हणजे पैजेचे सगळे पैसे एकत्र करून वाटणाऱ्या यंत्रणेतला, भाव इतका घसरतो, की तो जिंकूनही हाती जेमतेम पडते.