शेळीची पापणी आणि औषधाची धार

पावसाळ्यात पाचोऱ्याच्या शिवारात ओल्या गवताबरोबर जंतांच्या अळ्या शेळीच्या पोटात जातात. त्यांपैकी हिमाँकस हा जंत चौथ्या पोटात राहून रक्त पितो. त्यावर १९६१ साली थायाबेंडाझोल आले. १९६४ सालीच त्याला दाद न देणारे जंत मेंढ्यांत नोंदले गेले.

असे का व्हावे? औषधातून वाचलेल्या जंतांचीच पिल्लावळ वाढते. सरसकट सगळ्या कळपाला औषध पाजून ही निवड आपणच घडवतो. १९९०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत फाफा मलान व सहकाऱ्यांनी रंगतक्ता केला. पापणीची आतली बाजू फिकी दिसेल, त्याच जनावराला औषध द्यायचे. इतरांच्या पोटात औषधाने मरणारे जंत शिल्लक राहतात आणि औषधाची धार टिकते.

उत्क्रांती शिकवताना आपण शेळीची पापणी का उलटून पाहू नये?