खुळखुळा

धामणगावास कोणी नुसते धामणगाव म्हणत नाही. त्या नावाची गावे वऱ्हाडात आणखीही आहेत; म्हणून 1867 साली नागपुरापर्यंत पोहोचलेल्या जी. आय. पी. लोहमार्गावरील या गावास 'रेल्वे' हे उपपद कायमचे चिकटले. पावसाळा सरता सरता या मार्गाच्या कडेच्या पडीत जमिनीत पिवळ्या फुलांचे तुरे दिसू लागतात. तोच खुळखुळा. शेंग वाळली, म्हणजे आतील सुटे बी वाऱ्याने वाजते, आणि पोरांच्या खेळण्याचे नाव झाडास मिळते. मौज अशी, की युरोपीय पंडितांनी दिलेले क्रोटलारिया हे नावही ग्रीकांच्या एका चिपळीसारख्या वाद्यावरूनच आले आहे.

इंग्लंडातही रुळांकाठी असेच एक पिवळे, विषारी फूल आहे. एटना ज्वालामुखीकडून आणलेले ते रोप ऑक्सफर्डच्या वनस्पती-उद्यानातून निसटले आणि 1844 साली तेथे आगगाडी आल्यावर रुळांखालच्या खडीतून देशभर पसरले. आमचा खुळखुळा मात्र आगगाडीच्या कितीतरी आधीचा रहिवासी. हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग याच्याच कुळातला.

या फुलावर मोठा काळा भुंगा बसला, की त्याच्या भाराने पाकळीच्या चोचीतून पराग बाहेर ढकलला जातो. हलक्या कीटकास हे साधत नाही. काही फुलपाखरांचे नर तर याच्या वाळक्या, चिरडलेल्या भागांतून विषच शोषतात आणि त्यापासून मादीस भुलविणारा गंध तयार करतात.

तेच विष गुरांच्या यकृतात गेले, की तेथे त्याचे घातक रूपांतर होते. अपाय सावकाश होतो. जनावर पाला खाते आज आणि खंगते कित्येक आठवड्यांनी. मग बिचाऱ्या गुराख्याने दोष द्यावा कोणास? ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली प्रांतात घोडे भ्रमिष्टासारखे चालत सुटत व मरत. त्याचे कारण हेच कूळ, हे 1957 च्या सुमारास सिद्ध झाले. शेळ्यामेंढ्यांस मात्र हे विष घोड्या-गुरांहून कमी बाधते.

परंतु आम्हांस अधिक अस्वस्थ करते ती सरगुजाची हकीकत. त्या वेळी मध्य प्रदेशात व आता छत्तीसगडात असलेल्या या जिल्ह्यात 1975 च्या सुमारास आदिवासी कुटुंबांत पोटात पाणी होण्याची साथ आली, माणसे दगावली. शोध घेता गोंदली नावाच्या त्यांच्या रोजच्या बारीक धान्यात क्रोटलारियाचे बी मिसळलेले आढळले. 1976 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ज्या घरी धान्य मोजूनमापून शिजते, तेथे संशय आला म्हणून ते फेकून देणे किती कठीण, हे शहरातल्या वाचकांस सांगून पटणार नाही.

धुऱ्यावरचा खुळखुळा शेंगा वाजू लागण्यापूर्वीच उपटावा, असे आमचे मत आहे. रुळाकाठचा, जेथे गुरे चरत नाहीत तेथला, भुंग्यांसाठी राहू द्यावा.