वृक्षवलये आणि भूतकालीन जलवायुमान

वृक्षांच्या खोडात दरवर्षी निर्माण होणाऱ्या लाकडाच्या वलयांचा काल निश्चित करून, त्यांची रुंदी, घनता किंवा रासायनिक घटना यांवरून गत काळातील पर्जन्य, तापमान, नद्यांचे प्रवाह इत्यादींचे अनुमान करणाऱ्या ज्ञानशाखेस वृक्षवलय जलवायुविज्ञान म्हणतात. वलयांच्या साहाय्याने लाकडाचा काल ठरविणाऱ्या शास्त्राची ही एक शाखा होय. उपकरणांनी केलेल्या हवामानाच्या नोंदी जगाच्या बहुतेक भागांत शंभर ते दीडशे वर्षांपलीकडे जात नाहीत. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली आणि अखिल भारतीय मॉन्सून पर्जन्याची अखंड आकडेवारी १८७१ पासून मिळते. धरणे, कालवे, पूरनियंत्रण व पाणीवाटप यांच्या योजना मात्र अशा अल्पकालीन नोंदींवरच बेतलेल्या असतात. नोंदींचा काळ नेहमीसारखा होता की अपवादात्मक होता, हे केवळ त्या नोंदींवरून कळू शकत नाही. ते पारखण्याचे साधन म्हणून वृक्षवलयांना महत्त्व प्राप्त झाले आहे.

वलयांची निर्मिती : खोडाची साल व लाकूड यांच्यामध्ये ऊतककर नावाचा विभाजनक्षम कोशिकांचा पातळ थर असतो. वाढीच्या हंगामाच्या आरंभी तो मोठ्या पोकळीच्या व पातळ भित्तीच्या कोशिका तयार करतो, तर हंगामाच्या अखेरीस लहान पोकळीच्या व जाड भित्तीच्या कोशिका तयार होतात. त्यानंतर थंडीमुळे किंवा कोरड्या ऋतूमुळे वाढ थांबते. पुढील हंगामातील मोठ्या कोशिका आधीच्या दाट थराला लागून येत असल्याने दोन वर्षांमधील सीमा स्पष्ट दिसते. वृक्षाची वाढ ज्या घटकाच्या तुटवड्यामुळे खुंटते, त्याचा ठसा वलयावर सर्वाधिक उमटतो. रुक्ष प्रदेशातील वृक्षांत हा घटक बहुधा ओलावा असतो. उंच पर्वतांच्या वृक्षरेषेजवळ किंवा ध्रुवीय प्रदेशालगत तो उन्हाळ्यातील ऊब असतो. त्यामुळे अरुंद वलयाचा अर्थ एका ठिकाणी अवर्षण, तर दुसऱ्या ठिकाणी थंड उन्हाळा असा होतो. भरपूर पाणी व सुपीक माती लाभलेल्या वृक्षाची वलये जवळजवळ सारख्याच रुंदीची असतात आणि जलवायुमानाच्या अभ्यासास ती फारशी उपयोगी पडत नाहीत. अभ्यासक म्हणूनच खडकाळ उतारावरील खुरट्या, पण दीर्घायुषी वृक्षांना पसंती देतात. पोकळ गिरमिटाने सालीपासून गाभ्यापर्यंतची पेन्सिलीहून बारीक कांडी काढून घेतली जाते. त्यासाठी वृक्ष तोडावा लागत नाही.

प्रारंभीचा इतिहास : वलयांच्या संख्येवरून वृक्षाचे वय आणि त्यांच्या जाडीवरून ओली व कोरडी वर्षे ओळखता येतात, हे लेओनार्दो दा व्हींची यांनी सु. १५०० मध्ये नोंदविले होते. १७०९ च्या कडाक्याच्या थंडीने इजा झालेले वलय फ्रान्समधील द्यूआमेल द्यू मॉन्सो व ब्यूफाँ यांनी १७३७ मध्ये तोडलेल्या वृक्षांत ओळखले. गणकयंत्राच्या कल्पनेसाठी प्रसिद्ध असलेले इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी निरनिराळ्या वृक्षांतील वलयांचे अनुक्रम एकमेकांशी जुळवून भूतकाळात मागे जाता येईल, अशी कल्पना १८३८ मध्ये मांडली. तथापि या विखुरलेल्या निरीक्षणांतून शास्त्र उभे राहिले नाही.

ते कार्य अमेरिकन ज्योतिर्विद अँड्रू एलिकॉट डग्लस (१८६७–१९६२) यांनी केले. सौर डागांच्या सु. अकरा वर्षांच्या चक्राचा पृथ्वीवरील हवामानावर परिणाम होत असल्यास तो शोधण्यासाठी त्यांना शतकानुशतकांच्या पर्जन्याच्या नोंदी हव्या होत्या. ॲरिझोनासारख्या नव्याने वसलेल्या कोरड्या प्रदेशात अशा नोंदी नव्हत्या. तेथील पाइन वृक्षांची वाढ पावसावर अवलंबून असल्याने त्यांची वलये हीच पर्जन्याची नोंदवही ठरेल, असा तर्क करून त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वलये मोजण्यास प्रारंभ केला. फ्लॅगस्टाफ येथील वृक्षांतील अरुंद व रुंद वलयांचा विशिष्ट क्रम सु. १०० किमी. अंतरावरील प्रेस्कट येथील वृक्षांतही आढळला. यावरून हा क्रम एखाद्या वृक्षाचा नसून संपूर्ण प्रदेशाचा आहे, हे स्पष्ट झाले. सौर चक्राचा निर्विवाद पुरावा त्यांना मिळाला नाही. मात्र त्या शोधातून एका नव्या शास्त्राचा पाया घातला गेला.

कालजुळणी : एकाच प्रदेशातील अनेक वृक्षांच्या वलयक्रमांची तुलना करून प्रत्येक वलयाचे वर्ष ठरविणे, हे या शास्त्राचे मूलभूत तत्त्व आहे. नुसती मोजणी पुरेशी नसते; कारण अतिशय कोरड्या वर्षी वलय तयारच होत नाही, तर हंगामात मध्येच खंड पडल्यास एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. अनेक नमुने ताडून पाहिल्यावर अशा चुका उघडकीस येतात. जिवंत वृक्षाच्या आतील वलयांचा क्रम जुन्या तुळईच्या बाहेरील वलयांशी जुळला, तर नोंद मागे वाढविता येते.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील प्राचीन प्वेब्लो वसाहतींच्या लाकडांवरून डग्लस यांनी ५८५ वर्षांचा एक क्रम तयार केला होता. मात्र जिवंत वृक्षांवरून केलेल्या क्रमाशी तो जुळत नव्हता. त्यामुळे वास्तूंचे परस्परसापेक्ष वय कळत असले, तरी त्यांचे प्रत्यक्ष साल कळत नव्हते. २२ जून १९२९ रोजी ॲरिझोनातील शो लो येथे सापडलेल्या एका जळक्या तुळईने हे दोन क्रम जोडले. त्यामुळे नोंद सु. इ. स. ७०० पर्यंत मागे गेली, अनेक वास्तूंची बांधणीची वर्षे निश्चित झाली आणि १२७६ ते १२९९ या काळातील दीर्घ अवर्षणही उजेडात आले. १९३७ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात वृक्षवलय संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. पुढे एडमंड शुलमन यांना कॅलिफोर्नियातील व्हाइट मौंटन्समध्ये चार हजार वर्षांहून अधिक वयाचे ब्रिसलकोन पाइन वृक्ष आढळले. किरणोत्सर्गी कार्बनाद्वारे ठरविलेल्या कालांमध्ये दुरुस्ती करण्यासाठीही या वृक्षांची वलये उपयोगी पडली. जर्मनीत नदीच्या गाळात पुरलेले ओक व पाइन वृक्ष जुळवून बारा हजारांहून अधिक वर्षांचा क्रम तयार झाला आहे.

जलवायुमानाची पुनर्रचना : वलयांवरून प्रत्यक्ष पर्जन्याचे वा तापमानाचे आकडे काढण्याच्या सांख्यिकीय पद्धती मुख्यतः हॅरल्ड फ्रिट्स यांनी विकसित केल्या, त्यांचा या विषयावरील प्रमाणग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. वयानुसार वलये अरुंद होत जातात. हा परिणाम प्रथम गणिताने वेगळा काढतात व अनेक वृक्षांची सरासरी घेतात. नंतर उपकरणांच्या नोंदींच्या एका कालखंडाशी वलयांचा संबंध प्रस्थापित करतात आणि तो संबंध नोंदींच्या उरलेल्या कालखंडावर पडताळून पाहतात. या कसोटीस उतरल्यावरच त्याच्या आधारे पूर्वीच्या शतकांतील मूल्ये काढली जातात.

या पद्धतीचे व्यावहारिक महत्त्व कोलोरॅडो नदीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९२२ च्या करारान्वये या नदीच्या ऊर्ध्व व निम्न खोऱ्यांतील राज्यांना प्रत्येकी ७५ लक्ष एकर-फूट वार्षिक पाणी वाटून देण्यात आले (१ एकर-फूट = सु. १,२३३ घ. मी.). १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लक्ष एकर-फूट पाणी देण्याचे ठरले. १९७६ मध्ये स्टॉक्टन व जेकोबी यांनी वलयांवरून सोळाव्या शतकापासूनच्या प्रवाहाची पुनर्रचना केली. तीत दीर्घकालीन सरासरी सु. १३५ लक्ष एकर-फूट आली. कराराच्या अगोदरची काही वर्षे गेल्या कित्येक शतकांतील सर्वांत ओल्या काळांपैकी असल्याचेही दिसून आले. नंतरच्या अभ्यासांतून सरासरी काहीशी अधिक, सु. १४५ लक्ष एकर-फूट आली. तरीही ती वाटलेल्या पाण्यापेक्षा कमीच होती. नदीत नसलेले पाणी कागदोपत्री वाटले गेले होते. २००० नंतर या प्रदेशात दीर्घ अवर्षण पडले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये निम्न खोऱ्यात प्रथमच अधिकृतपणे पाणीटंचाई जाहीर करावी लागली. २००० ते २०२१ ही बावीस वर्षे त्या प्रदेशात किमान इ. स. ८०० पासूनची सर्वांत कोरडी असल्याचे वलयांवरून २०२२ मध्ये दाखविण्यात आले.

उष्ण कटिबंध व भारत : कडक हिवाळा नसलेल्या प्रदेशांतील अनेक सदापर्णी वृक्षांत स्पष्ट वार्षिक वलये आढळत नाहीत. त्यामुळे हे शास्त्र उष्ण कटिबंधात उपयोगी पडणार नाही, असा समज दीर्घकाळ होता. साग हा याला महत्त्वाचा अपवाद आहे. कोरड्या ऋतूत सागाची पाने गळतात व ऊतककर सुप्तावस्थेत जातो. पावसाळ्याच्या सुमारास वाढ पुन्हा सुरू होताच मोठ्या वाहिन्यांची रांग तयार होऊन वलयाची सीमा उमटते. जावा बेटावरील सागाच्या १५१४ पासूनच्या वलयांचा पर्जन्याशी असलेला संबंध एच्. पी. बर्लाख यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. भारतात डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत के. ए. चौधरी यांनी भारतीय वृक्षांत वलये कशी तयार होतात याचा पद्धतशीर अभ्यास केला.

जलवायुमानाच्या दृष्टीने भारतातील संशोधनाला १९७० नंतर वेग आला. लखनौची बिरबल सहानी संस्था आणि पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था ही त्याची प्रमुख केंद्रे होत. पुण्याच्या जी. बी. पंत व एच्. पी. बोरगावकर यांनी ठाणे परिसरातील सागाच्या वलयांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. बोरगावकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातील सागावरून १४८१ ते २००३ असा ५२३ वर्षांचा क्रम २०१० मध्ये मांडला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एल निन्यो व मॉन्सूनची तूट एकत्र आलेल्या वर्षी सागाची वाढ वारंवार मंदावल्याचे त्यात दिसते. हिमालयात देवदार, पाइन, जुनिपर इ. वृक्षांवर काम झाले असून लाहूल येथील जुनिपरचा १,५८४ वर्षांचा क्रम २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

आशियातील तीनशेहून अधिक वलयक्रम एकत्र करून एडवर्ड कुक व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मॉन्सून प्रदेशातील सातशे वर्षांच्या अवर्षणांचा नकाशासंग्रह तयार केला. त्यात १६३८–४१, १७५६–६८, १७९०–९६ व १८७६–७८ ही मोठी अवर्षणे ठळकपणे दिसतात. दक्षिणेतील १७९१–९२ चा ‘कवट्यांचा दुष्काळ’ यांपैकी तिसऱ्या कालखंडात मोडतो. मुंबई व मद्रास इलाख्यांसह म्हैसूर व हैदराबाद संस्थानांत लक्षावधी बळी घेणारा १८७६–७८ चा दुष्काळही आशियाभर पसरलेल्या अवर्षणाचा भाग होता, हे यावरून कळते. मात्र वलये अवर्षण सांगतात, दुष्काळ नव्हे. धान्याचा व्यापार, करवसुली व शासनाची मदत यांमुळे अवर्षणाचे रूपांतर उपासमारीत कसे झाले, हे लिखित साधनांवरूनच पाहावे लागते.

ब्रह्मपुत्रेच्या बाबतीत कोलोरॅडोच्या उलट स्थिती आढळली. तिच्या खोऱ्यातील व परिसरातील वलयांवरून सात शतकांच्या प्रवाहाची पुनर्रचना २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. बांगला देशातील प्रवाहमापनाचा १९५६–८६ हा काळ त्या सात शतकांतील कोरड्या काळांपैकी असल्याचे तीत आढळले. केवळ या मापनावर विसंबल्यास पुराचा धोका सु. २४ ते ३८ टक्क्यांनी कमी लेखला जातो, असा निष्कर्ष निघाला. एका नदीच्या नोंदी अतिओल्या काळात, तर दुसरीच्या कोरड्या काळात झाल्या. दोन्हीकडे अल्प नोंदीला नित्याची स्थिती मानल्याने हिशेब चुकला.

मर्यादा : वलये सर्व ऋतूंची साक्ष सारख्याच विश्वासार्हतेने देत नाहीत, त्यांच्यात वाढीच्या हंगामाचा व त्याच्या थोड्या आधीचा काळ मुख्यत्वे नोंदला जातो. वयाचा परिणाम वेगळा काढताना जलवायुमानातील अतिशय संथ बदलही पुसले जाण्याची शक्यता असते. उत्तरेकडील उच्च अक्षांशांवरील काही वनांत १९६० च्या सुमारापासून तापमान वाढूनही वलयांची रुंदी वा घनता त्या प्रमाणात वाढलेली नाही; म्हणून तेथील नमुने सावधगिरीने वापरावे लागतात. वलयांची रुंदी पुरेशी बोलकी नसेल, तेथे लाकडातील ऑक्सिजन व कार्बन यांच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजतात. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत १९८० नंतरच्या दशकात असे काम झाले.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र साधनसामग्रीची आहे. जहाजे, रेल्वे व इमारती यांसाठी भारतीय द्वीपकल्पातील साग दीर्घकाळ तोडला गेला असून तीन-चार शतकांचे वृक्ष आता मोजक्याच संरक्षित वनांत उरले आहेत. नेव्हाडात १९६४ साली संशोधनासाठीच तोडलेल्या एका ब्रिसलकोन पाइनमध्ये ४,८०० हून अधिक वलये निघाली. त्या काळी ज्ञात असलेल्या जिवंत वृक्षांत तो सर्वांत जुना ठरला. जुने वृक्ष, तसेच वाडे, मंदिरे व घरे पाडताना निघणाऱ्या जुन्या तुळया ही मॉन्सूनच्या इतिहासाची मूळ साधने होत. दप्तरातील कागदाची नक्कल ठेवता येते. नमुना न घेता नष्ट झालेल्या खोडातील नोंद पुन्हा मिळविता येत नाही.