पन्नास फँटम विमानं आणि बॉबी केनेडी

१९४८ साली २२ वर्षांचा रॉबर्ट केनेडी 'बोस्टन पोस्ट'साठी बातम्या लिहायला पॅलेस्टाइनला गेला होता. ज्यूंची जिद्द बघून भारावलाच तो. तेव्हा जेरुसलेममध्येच चार वर्षांचा एक पॅलेस्टिनी पोरगा ती लढाई बघत होता. सिरहान सिरहान.

वीस वर्षांनी केनेडी अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि म्हणाला, इस्रायलला ५० फँटम लढाऊ विमानं द्या. निवडणुकीत असं बोलतातच म्हणा. पण सिरहानला केनेडी गरिबांचा कैवारी वाटायचा, त्याला हा दगाच वाटला.

५ जून १९६८. सहा दिवसांचं युद्ध सुरू झालं त्याला बरोब्बर एक वर्ष. कॅलिफोर्निया जिंकलेला केनेडी भाषण आटोपून हॉटेलच्या किचनमधून निघाला होता, तिथंच सिरहाननं गोळ्या झाडल्या.

आणि विमानं? डिसेंबरात जॉन्सन सरकारनं दिलीच की मंजुरी. पन्नासच्या पन्नास.