पिशवी, विषाणू आणि एक पोस्टडॉक

तर मंडळी, या वीकेंडचा विषय जरा जड आहे. चहा घेऊनच बसा.

आधी एक आकडा. १३,८६१. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या इतक्या जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहात एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांचा देशभराचा आकडा होता ३.२ टक्के. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पेपरांत गाजलं, आणि मग पुढची बातमी आली.

कारणं आता बऱ्यापैकी माहीत आहेत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एक दिवस खाडा झाला की दंड. फडाजवळच्या खोपटात ना धड पाणी, ना संडास. अशात पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं हे सगळं आलंच. बाई दवाखान्यात गेली की तिला काय सांगितलं जायचं? पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. अनेक जणींनी पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना हेच सांगितलं. बऱ्याच जणी तिशी-चाळिशीतल्या.

मला अडकवलं ते त्या 'कॅन्सर' शब्दाने. कारण विषाणू, हार्मोन आणि कॅन्सर यांचं नातं शोधण्याच्या इतिहासात एक मराठी बाई अगदी सुरुवातीला उभी आहे. आणि त्या इतिहासाचं एक मोठं पान बीडच्या शेजारच्याच जिल्ह्यात लिहिलं गेलंय. म्हणजे बघा, ज्ञान शिवेपर्यंत आलं होतं!

बाईंचं नाव कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ. जन्म पुण्यात, ८ नोव्हेंबर १९१७. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. एम.एस्सी.ला त्यांनी अभ्यास केला तो सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांचा. (बीडचं सीताफळ खाताना हे आठवायला हरकत नाही.) मग मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली पीएच.डी., १९४९ साली. त्यानंतर पोस्टडॉक म्हणून थेट बाल्टिमोर, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांची प्रयोगशाळा.

हे गाय म्हणजे शरीराबाहेर, काचेच्या नळीत माणसाच्या पेशी वाढवण्याच्या नादाने झपाटलेला माणूस. १९५१ साली त्यांना हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी मिळाल्या. तिला न विचारता घेतलेल्या. त्या पेशी मरेचनात. याच त्या जगप्रसिद्ध 'हेला' पेशी. गाठ कुठली होती? गर्भाशयाच्या मुखाची. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कमलताई परत आल्या. आपल्यातल्या अर्ध्या लोकांचे मित्र तिकडेच राहिलेत, त्यामुळे हे वाक्य वाटतं तितकं साधं नाही. पोस्टडॉक करून परत या आणि इथे काम उभं करा, असं त्यांचं आग्रहाचं मत होतं. त्यांनी स्वतः परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली.

तिथे त्यांचा मुख्य विषय होता स्तनाचा कॅन्सर, उंदरांमधला. आता गंमत बघा. १९३६ साली अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवलं होतं की कॅन्सरप्रवण जातीच्या उंदरांची पिल्लं दुसऱ्या जातीच्या आईच्या दुधावर वाढवली की त्यांच्यातलं कॅन्सरचं प्रमाण घसरतं. म्हणजे दुधातून काहीतरी जात होतं. ते 'काहीतरी' पुढे विषाणू निघालं. पण एकटा विषाणू पुरत नाही. गरोदरपणातली, दूध येण्याच्या वेळची हार्मोन्स त्याला जागं करतात. विषाणू, हार्मोन आणि आनुवंशिकता हे तिन्ही एकत्र बघायला हवं, या धाग्यावर कमलताईंनी वर्षानुवर्षं काम केलं. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

या धाग्याचं आजचं टोक तर आणखी भन्नाट आहे. २०१८ साली बोस्टनच्या जॉस्लिन डायबेटिस सेंटरमधल्या एम्रा अल्टिंडिस या पोस्टडॉकने, रोनाल्ड कान यांच्याबरोबर, माशांच्या काही विषाणूंमध्ये इन्सुलिनसारखी पेप्टाइड्स लिहिलेली असल्याचं दाखवलं. ती प्रयोगशाळेत बनवून बघितली, तर माणसाच्या पेशींवरच्या इन्सुलिनच्या आणि आयजीएफ-१ या वाढीच्या हार्मोनच्या रिसेप्टरला ती चिकटली. आपल्या भाषेत सांगायचं तर विषाणूने टोकन नक्कल केलं आणि सर्व्हरने लॉगिन करून दिलं. रिसेप्टर फक्त आकार तपासतो, कोणी पाठवलं ते नाही. हीच वाढीची खूण अनेक कॅन्सर वापरतात, म्हणून या शोधाकडे कॅन्सरवाल्यांचंही लक्ष गेलं. २०२१ मध्ये अशाच एका पेप्टाइडने आयजीएफ-१ चा रिसेप्टर उलट अडवून धरल्याचं दिसलं. म्हणजे त्यातून उद्या औषधाची वाटही निघू शकते. माणसात यामुळे कॅन्सर होतो असं मात्र कोणी सिद्ध केलेलं नाही.

ज्या विषाणूबद्दल ते सिद्ध झालंय तो एचपीव्ही. हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने १९८०च्या दशकात गर्भाशयमुखाच्या गाठींत तो शोधला. आणि हेला पेशींतही तोच, एचपीव्ही-१८! २००८ चं नोबेल त्याचंच. हा विषाणू पेशीतली पहारेकरी प्रथिनं बंद पाडतो. पण कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा जास्तच लागतात. म्हणजेच पकडायला भरपूर वेळ असतो.

आणि आता उस्मानाबाद, आजचं धाराशिव. बीडचा सख्खा शेजारी. बार्शीला १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली होती, त्यामुळे या भागात पाया तयार होता. १९९९ च्या ऑक्टोबरपासून टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था यांनी मिळून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास केला. (कमलताईंची परळची संस्था १९६६ मध्ये याच टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली होती.) निकाल २००९ मध्ये छापून आला. एचपीव्हीची एकदाच चाचणी झालेल्या ३४,१२६ जणींच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू. तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींच्या गटात ६४. जवळपास निम्मे! त्या दुसऱ्या गटाला नुसती माहिती देऊन सोडलं यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती रास्त होती. म्हणजे जगाला मिळालेल्या या उत्तराची किंमतही मराठवाड्यातल्याच बायकांनी मोजली. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून पहिली तपासणी म्हणून हीच चाचणी सुचवते.

आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. शिवेच्या पलीकडे दाखवून दिलं होतं की एक नमुना घ्या, विषाणू आहे का बघा, असेल तिलाच पुढे तपासा आणि उपचार करा. शिवेच्या अलीकडे, दहा वर्षांनंतरही, अंगावरून जातंय एवढ्या तक्रारीवर अख्खी पिशवी. अंगावरून जाणं बहुतेक वेळा साध्या संसर्गाचं असतं, गोळ्यांनी बरं होणारं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर ऐन तिशीत हार्मोन्स आटतात. हाडं ठिसूळ होतात, सांधे धरतात, अंगातून वाफा येतात. आणि त्या अंगाने पुन्हा फडावर मोळ्या उचलायच्या.

म्हणून मला वाटतं, विज्ञान गावात पोचलंच नाही हे म्हणणं अर्धवट आहे. त्याचा शब्द पोचला. 'कॅन्सर' हा शब्द खोपटापर्यंत पोचला, भीतीसकट. चाचणी मात्र पोचली नाही. भीती आधी आणि तपासणी नंतर, असा क्रम लागला की मध्ये धंदा उभा राहतो.

कमलताई निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर मुलांच्या कुपोषणाचं काम करत होत्या. इतकी वर्षं प्रयोगशाळेत घालवलेल्या बाईला, शेवटचा टप्पा कुठे आहे हे नक्की कळलं होतं.

पुण्याच्या सीरमने एचपीव्हीची देशी लस आणली. चाचणी आहे, लसही आहे. तेव्हा घरी स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना "पिशवी काढायला सांगितलीय" असं कोणी म्हणालं, तर एवढं एकच विचारा: तपासणी कुठली केली? रिपोर्ट दाखवा. आणि सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला सोबत जा. अर्धा दिवस सुट्टी लागेल फार तर.

असो. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकं लिहितो, प्रॉमिस.