सरोवर गेले, तळ राहिला

हिमयुगाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतील हिमस्तर उत्तरेकडे मागे हटू लागला. वितळलेल्या पाण्याची वाट उरलेल्या बर्फानेच अडवली आणि अगासी सरोवर साठले. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी ते हडसन उपसागरात रिते झाले. १८७९ मध्ये वॉरन अपम यांनी त्याला हिमयुगाचे अभ्यासक लुई अगासी यांचे नाव दिले. मागे राहिलेल्या सपाट, सुपीक तळावर गहू पिकला, शहरे वसली. त्याच तळावरून रेड नदी उत्तरेला वाहते. वसंतात दक्षिणेकडचे बर्फ आधी वितळते. पुढचे पात्र गोठलेलेच असते. उतार नाममात्र, म्हणून पाणी चहूकडे पसरते. एप्रिल १९९७ मध्ये नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्स शहर रिकामे करावे लागले. या पुरांचा इतिहास नदीइतकाच त्या नाहीशा झालेल्या सरोवरातही शोधावा लागतो.